२१ की ९३? विहिरीच्या पाण्याचा हिशेब

दुपारची वेळ आहे. कुणी धान्य निवडत असाल, कुणी गोधडीला टाके घालत असाल, कुणाच्या मांडीवर लेकरू नुकतंच झोपलं असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज आमच्या बचत गटाला एका आकड्याबद्दल बोलायचं आहे. तो आकडा पाण्याच्या रिपोर्टमध्ये होता. आम्ही तो वाचला, पण चुकीचा वाचला, आणि त्या चुकीत नऊ दिवस गेले. तसे नऊ दिवस तुमच्या गावात जाऊ नयेत, म्हणून ही गोष्ट सांगतोय.

आमचा गट तेरा जणींचा. आमच्या वस्तीत एक विहीर आहे, गटातल्याच एका काकूंची. बारा वर्षांपूर्वी ती आटली, तेव्हा गाळ काढून दोन परस खोल करायला काकूंनी गटाकडं कर्ज मागितलं. आमच्या गटानं दिलेलं ते पहिलं मोठं कर्ज. काकूंनी ते हप्ता न चुकवता फेडलं आणि वर सांगितलं, "विहीर माझी, पाणी सगळ्यांचं." तेव्हापासून अर्धी वस्ती तिथलंच पाणी पिते. नळाचं पाणी तिसऱ्या दिवशी येतं, त्याला पावडरचा वास येतो. विहिरीचं पाणी गोड, काचेसारखं नितळ. त्यात डाळ लवकर शिजते, चहाला रंग येतो. पाहुणे आले की मुद्दाम त्या विहिरीची घागर आणायची, अशी आमच्याकडं रीतच पडली होती.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच बायकांना पाणी तपासायच्या पेटीचं प्रशिक्षण दिलं, ते तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या गटातल्या दोघी त्यात होत्या. दिवाळीनंतर त्या पेटी घेऊन सगळ्या विहिरी आणि हापसे तपासत फिरल्या. काकूंच्या विहिरीचं पाणी छोट्या नळीत घेतलं, नायट्रेटची पुडी टाकली, हलवलं, थांबलो. पाणी गुलाबी झालं, मग गडद गुलाबी झालं. कार्डावरच्या रंगांशी लावून पाहिलं, तर रंग ४५ च्या पुढच्या घराशी जुळत होता.

४५ हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या देशात पिण्याच्या पाण्याचं जे मानक आहे, आय.एस. १०५००, त्यात एका लिटर पाण्यात जास्तीत जास्त ४५ मिलिग्रॅम नायट्रेट चालतं. काही क्षारांच्या बाबतीत त्या मानकात दुसरा स्रोत नसेल तर थोडी सवलत दिलेली आहे. नायट्रेटला तशी सवलत नाही.

आमचा विश्वास बसेना. इतकं गोड पाणी! पेटीतली पुडी जुनी झाली असेल, रंग पाहताना ऊन डोळ्यावर आलं असेल, असं एकमेकींना सांगितलं. आणि काळजीही होती, कारण काकूंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ दोन महिन्यांचं. मधे लेकीला ताप येऊन दूध कमी झालं, म्हणून डॉक्टरांनी बाळाला पावडरचं दूध सुरू करायला सांगितलेलं. ते दूध त्याच विहिरीच्या पाण्यात कालवलं जात होतं. बाळाची पणजी पाणी चांगलं वीस मिनिटं उकळून घ्यायची. म्हातारीची माया ती, एकदा उकळी आली तरी तिचं समाधान होत नसे.

आम्ही पाण्याची बाटली भरून तालुक्याच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिली. चार दिवसांनी रिपोर्ट आला. नायट्रेटच्या ओळीत आकडा होता २१.

मैत्रिणींनो, काय आनंद झाला म्हणून सांगू! चालतं ४५ आणि आपलं आलं २१. निम्म्याहूनही कमी. काकूंनी गूळ-खोबरं वाटलं. पेटी परत कपाटात गेली.

नऊ दिवसांनी गटाची बैठक होती. आमची हिशेब ठेवणारी जी आहे, तिला एक खोड आहे. वही आणि पासबुक एका रुपयानं जुळलं नाही तरी ती कुणाला उठू देत नाही. तिनं रिपोर्ट हातात घेतला आणि म्हणाली, "पेटी म्हणते ४५ च्या वर, कागद म्हणतो २१. दोन वह्या जुळत नाहीत. मग खोटी कोणती?" आम्ही म्हटलं, पेटी खोटी. ती म्हणाली, "ते तुम्ही ठरवलंत. तपासलंत का?" मग तिनं रिपोर्टवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. नायट्रेटच्या पुढं बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'नायट्रोजन म्हणून'. आमच्यात एक बी.ए. आहे, तीच आत्ता तुमच्याशी बोलते आहे. तिनं तो कागद तीनदा वाचला होता, पण ते दोन शब्द डोळ्यांखालून गेले होते.

तिथूनच प्रयोगशाळेच्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, तो आकडा नुसत्या नायट्रोजनचा आहे. नायट्रेट हवं असेल तर ४.४३ नं गुणा." मोबाईलवर गुणाकार केला. २१ गुणिले ४.४३. आलं ९३.

मर्यादा ४५ ची आणि आमच्या विहिरीत ९३, दुपटीच्याही वर.

हे काय गौडबंगाल, ते भुईमुगाच्या शेंगांवरून सांगतो. तुम्ही शेंगा तोलल्या तर एक वजन येतं, फोडून नुसते दाणे तोलले तर दुसरं येतं. माल तोच, फक्त काय तोललं ते सांगायला हवं. नायट्रेट म्हणजे एक नायट्रोजन आणि त्याला जोडलेले तीन ऑक्सिजन. सगळ्याचं मिळून वजन ६२ धरलं, तर त्यात नायट्रोजनचे दाणे फक्त १४. बासष्टाला चौदानं भागलं की येतं ४.४३. प्रयोगशाळेनं दाण्यांचं वजन लिहिलं होतं आणि आम्ही ते शेंगांच्या मापाशी लावलं. दाण्यांच्या मापात मर्यादा साधारण १० ची आहे. त्या मापानंही २१ म्हणजे दुप्पटच. प्रयोगशाळेनं खोटं काही लिहिलं नव्हतं. वाचायला आम्ही कमी पडलो.

त्याच संध्याकाळी बाळाचं पाणी बदललं. रात्री आमच्यापैकी फारशी कुणी झोपली नाही. त्याचं कारण आधी सांगायला हवं.

पाण्यातून नायट्रेट पोटात गेलं की त्यातल्या काहीचं नायट्राइट होतं. ते रक्तात शिरून रक्तातल्या तांबड्या द्रव्याचं, म्हणजे हिमोग्लोबिनचं रूप बदलतं. मग ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मोठ्या माणसाचं शरीर हे सावरून घेतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते जमत नाही. ओठ, नखं निळसर दिसायला लागतात, बाळ मलूल होतं, धाप लागते, जिवावरही बेतू शकतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी १९४५ साली हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं. शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिणारी बाळं निळी पडत होती. पाणी बदललं की ती सुधारत.

आणि उकळण्याचं काय? उकळल्यानं जंतू मरतात, ते खरं. पण नायट्रेट हा विरघळलेला क्षार आहे. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार भांड्यातच राहतो. बासुंदी आटवली की घट्ट होते, तसं वीस मिनिटं उकळलेलं पाणी नायट्रेटनं जास्त दाट होतं. बाळाच्या पणजीला हे कळलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर एवढंच म्हणाली, "म्हणजे मी जेवढी काळजी घेतली, तेवढं वाईट केलं." आम्ही तिला सांगितलं, आजी, तुम्ही केलं ते जंतूंसाठी बरोबरच होतं. हे दुसरं दुखणं कुणालाच दिसत नव्हतं. बाळाला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नखं, ओठ, छाती सगळं तपासलं. बाळ ठीक होतं. आजही ठीक आहे. पण यात आमची हुशारी काही नाही.

मग आम्ही चौघी कॉलेजात गेलो. म्हटलं, हे डोळ्याला न दिसणारं तुम्हाला दिसतं कसं, ते आम्हाला बघायचंय. मॅडमनी आनंदानं दाखवलं. त्यांनी जसं सांगितलं, तसं आमच्या शब्दांत सांगतो.

शाळेत आपण इंद्रधनुष्याचे रंग पाठ केले होते, 'तानापिहिनिपाजा'. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत. जांभळ्यावर आपल्या डोळ्याची हद्द संपते, प्रकाशाची संपत नाही. जांभळ्याच्या पलीकडचा जो प्रकाश, तो अतिनील. प्रकाशाच्या लाटा मोजायचं माप आहे नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. तांबडा रंग ७०० च्या जवळ, जांभळा ४०० च्या जवळ. त्या यंत्रात जो प्रकाश वापरतात तो २२० चा. आपल्याला तिथं अंधारच.

आता मीठ पाण्यात टाकलं की ते विरघळतं, म्हणजे त्याचे विद्युतभार असलेले सुटे कण होतात. त्या कणांना आयन म्हणतात. नायट्रेट हाही तसाच एक आयन. त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन असतात आणि प्रकाश त्यांना धक्का देतो. नागपंचमीचा झोका आठवा. झोक्याच्या तालात धक्का दिला तरच तो चढतो. अवेळी दिला तर झोका हलत नाही आणि आपलाच हात दुखतो. नायट्रेटच्या झोक्याचा ताल २०० नॅनोमीटरच्या आसपास आहे. त्या तालाचा प्रकाश तो जोरात गिळतो. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाचा ताल त्याला जुळत नाही, म्हणून तो प्रकाश तसाच आरपार जातो आणि आपल्याला पाणी नितळ दिसतं. विहिरीचं पाणी काचेसारखं होतं म्हणून आम्ही बिनधास्त होतो. त्या यंत्रासमोर तेच पाणी काजळीसारखं होतं.

बरोबर २०० वर का मोजत नाहीत? तिथं दुसरे क्षारही आडवे येतात. २२० वर नायट्रेटचं गिळणं भरपूर असतं, आणि साधं मीठ, पाणी जड करणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम, फ्लोराइड हे तिथं जवळपास काहीच गिळत नाहीत. म्हणून ही जागा निवडली आहे. पण याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. या तपासणीत फ्लोराइड सापडत नाही. त्याला वेगळी तपासणी लागते. एक रिपोर्ट चांगला आला म्हणजे सगळं पाणी चांगलं, असं होत नाही.

मॅडमनी पाणी गाळून घेतलं, त्यात थोडं आम्ल टाकलं, म्हणजे कार्बोनेटसारख्या गोष्टी लुडबुड करत नाहीत. पाणी एका चौकोनी छोट्या भांड्यात भरलं. ते भांडं क्वार्ट्झचं होतं, कारण साधी काच हा प्रकाश स्वतःच गिळून टाकते. आधी शुद्ध पाणी ठेवून यंत्र शून्यावर आणलं. हे आपल्या ओळखीचं आहे. तेल मोजायच्या आधी आपण रिकाम्या डब्याचा धडा करून घेतो, तसाच हा धडा.

मग आमचं पाणी ठेवलं. ते फारच दाट निघालं, म्हणून पाचपट पातळ केलं. २२० वर आकडा आला १.०९. हे झालं शोषण, म्हणजे पाण्यानं किती प्रकाश गिळला त्याचं माप. शोषण १ असेल तर दहा भाग प्रकाशातला एकच भाग पलीकडे निघतो, शोषण २ असेल तर शंभरातला एक. एकावर एक चाळण्या लावाव्यात तसं.

पण मोजलं म्हणजे संपलं नाही, पुढं हिशेब आहे. पाण्यात शेणाचा, पालापाचोळ्याचा अर्क उतरलेला असतो. तोही २२० चा प्रकाश गिळतो आणि नायट्रेटचं सोंग घेतो. मग ओळखायचं कसं? हा अर्क २७५ वरही गिळतो, तिथं नायट्रेट जवळपास गप्प असतं. म्हणून तेच पाणी २७५ वर पुन्हा बघायचं. तिथं जे येईल त्याची दुप्पट करायची आणि पहिल्या आकड्यातून वजा करायची. आमच्या पाण्याचं २७५ वर आलं ०.०२. दुप्पट ०.०४. १.०९ मधून ०.०४ गेले, राहिले १.०५. हे खरं नायट्रेटचं. ही वजा करायची दुप्पट फार मोठी आली, पहिल्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त, तर ही पद्धत त्या पाण्याला लावायचीच नाही, दुसरी वापरायची.

मॅडमनी आधीच मोजून-मापून नायट्रेट घातलेल्या पाण्याच्या बाटल्या तपासून ठेवल्या होत्या. त्यावरून त्यांच्या यंत्रात एका लिटरला एक मिलिग्रॅम नायट्रोजन असेल तर शोषण ०.२५ येत होतं. १.०५ भागिले ०.२५ म्हणजे ४.२. पाणी पाचपट पातळ केलेलं, म्हणून गुणिले ५. आले २१. आणि त्याला ४.४३ नं गुणलं की ९३. आमच्या हिशेबवालीनं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. म्हणाली, "आता वह्या जुळल्या."

मॅडमनी एक आणखी गंमत सांगितली. नायट्रेट ३०० नॅनोमीटरच्या जवळही थोडासा प्रकाश गिळतं, अगदी किंचित. शास्त्रज्ञ हे कागदावर आणि संगणकावर हिशेब मांडूनही काढतात. पण एकट्या नायट्रेटचा हिशेब मांडला, तीन बाजू सारख्या असलेला सपाट त्रिकोण, तर तिथं काहीच गिळलं जाऊ नये असं उत्तर येतं. आकार इतका सारखा असतो की तो झोका हलतच नाही. प्रत्यक्षात मात्र हा कण थरथरत असतो आणि भोवतालचे पाण्याचे कण त्याला इकडून तिकडून ओढत असतात. त्रिकोण जरासा वाकडा होतो आणि थोडं गिळणं सुरू होतं. पाण्याचे कण हिशेबात घेतले की मगच उत्तर मोजमापाच्या जवळ येतं. आम्हाला हे पटकन पटलं. सासर वगळून सुनेचा हिशेब कुठं लागतो?

हीच पद्धत समुद्रातही चालते. यंत्रं लावलेले तरंगते नळे खोल समुद्रात वर-खाली फिरतात आणि अतिनील प्रकाशानं नायट्रेट मोजतात. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड नावाचा क्षार असतो, तोही हा प्रकाश गिळतो. मग पाणी किती खारट आणि किती गरम आहे त्यावरून ब्रोमाइडचा वाटा हिशेबानं काढतात आणि वजा करतात. समुद्र असो की विहीर, आपल्याला नको त्याचा धडा केल्याशिवाय खरं वजन कळत नाही.

आता घरी परतू. काकूंना सांगायचं कसं, हा मोठा प्रश्न होता. विहीर गटाच्या पैशानं खोल झालेली, काकू गटाच्या सुरुवातीपासूनच्या. आम्ही तेराही जणी त्यांच्या अंगणात गेलो. वही पुढं ठेवली. काकू म्हणाल्या, "मी काय पाण्यात विष कालवलंय का? बारा वर्षं पाजलं गावाला." आम्ही म्हटलं, काकू, तुम्ही काही केलं नाही. मग सगळ्यांनी मिळून विहिरीभोवती चक्कर मारली. वरच्या अंगाला गोठा आणि उकिरडा. त्याच्या पलीकडं दोन शोषखड्डे. बाजूला उसाचं रान, त्यात वर्षाकाठी पडणारा युरिया. शेणामुतातला आणि खतातला जो नत्र पिकानं घेतला नाही, त्याचं मातीत नायट्रेट होतं. मातीचा कण ऋण भाराचा, नायट्रेटही ऋण भाराचं, म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. पाऊस आला की ते थेट खाली झिरपतं. त्या उकिरड्यात आम्हा सगळ्यांच्या घरचं शेण होतं. पाणी सगळ्यांनी पिलं होतं आणि घाणही सगळ्यांनीच केली होती.

ही एकट्या आमच्या गावाची गोष्ट नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट ४५ च्या वर निघालं. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे ऐकणाऱ्या तुम्हा तीन गावांत एक विहीर आमच्यासारखी असू शकते.

आम्ही काय केलं ते सांगतो. विहिरीवर पाटी लावली, 'धुण्याभांड्याला आणि शेतीला चालेल, प्यायला नाही'. पाटी काकूंनी स्वतः रंगवली. पिण्याला नळाचं पाणी सुरू केलं. वास जायला ते रात्रभर उघड्या तोंडाच्या भांड्यात, वर पातळ फडकं टाकून ठेवतो. नळ रोज यावा म्हणून ग्रामसभेत अर्ज दिला. अजून रोज येत नाही, पण तिसऱ्या दिवसाचा आता दिवसाआड झाला आहे. उकिरडा खालच्या अंगाला हलवला, तळाशी शहाबादी फरशी घातली.

आणि काकूंच्या शेतासाठी एक हिशेब केला. विहिरीच्या एक लाख लिटर पाण्यात २.१ किलो नत्र आहे. एकराला दोन इंच पाणी दिलं, तर दोन लाख लिटर लागतं. म्हणजे एका पाण्याबरोबर चार किलोंच्या वर नत्र, साधारण नऊ किलो युरियाइतका. पाच पाण्यांत ४५ किलोची एक गोणी होते. त्यातला सगळाच पिकाला लागत नाही हे खरं, पण ते खत रानात आधीच पडतंय. मग वरून तेवढाच युरिया का ओतायचा? काकूंच्या लेकानं कृषी सहायकांना विचारून या वर्षी गोण्या कमी केल्या. ऊस काही बारीक दिसत नाही.

तुमच्या गावासाठी चार गोष्टी.

पहिली, पाणी पेटीनं तपासा आणि रंग गडद आला तर प्रयोगशाळेत द्या. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. बाटली साबणानं धुऊ नका. साबणाचा अंश राहिला तर तोही अतिनील प्रकाश गिळतो आणि आकडा खोटा येतो. ज्या पाण्याची तपासणी करायची, त्याच पाण्यानं तीनदा विसळा. भरली की सावलीत, थंड ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.

दुसरी, रिपोर्ट आला की विचारा, "हे नायट्रेट म्हणून आहे की नायट्रोजन म्हणून?" नायट्रेट म्हणून असेल तर ४५ शी लावा. नायट्रोजन म्हणून असेल तर आधी ४.४३ नं गुणा. विचारायला लाजू नका. पेटी आणि कागद जुळत नसतील, तर आपल्याला आवडेल त्यावर विश्वास ठेवू नका.

तिसरी, नायट्रेट उकळून जात नाही. तुरटीनं, कापडानं गाळून, पावडर टाकून जात नाही. घरच्या मशीनमधला अतिनील दिवा जंतू मारतो, नायट्रेट काढत नाही. आर.ओ.नं कमी होतं, पण सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पिण्यासाठी दुसरं चांगलं पाणी.

चौथी, सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचंच दूध. वरचं पाणी, घुटी काही नको. आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही. डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलंच, तर ते कालवायचं पाणी तपासलेलं हवं. बाळाचे ओठ, नखं निळसर दिसली तर घरगुती इलाज करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

यंदा पावसाळ्यानंतर त्या विहिरीचं पाणी पुन्हा दिलं होतं. या वेळी बाटली द्यायला काकू स्वतः गेल्या. रिपोर्टवर बोट ठेवून त्यांनीच मॅडमना विचारलं, "बाई, शेंगा का दाणे?" मॅडम हसल्या, म्हणाल्या, "शेंगा." आकडा होता ७४. कमी झालाय, पण ४५ च्या वरच आहे. पाटी अजून विहिरीवर आहे. रंग उडाला होता, तो काकूंनी परवा पुन्हा दिला.

आमच्या गटाकडून एवढंच. तुमच्या विहिरीचा आकडा काय येतो, ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.